बिल नाही, पण खोकं आहे ना?

प्रश्न: ताई, तीन आठवड्यांपूर्वी आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं, तरी घर भरलं. थोरल्या नणंदेनं (त्यांना आम्ही आक्का म्हणतो) मिक्सर दिला, पण आमचा दोन वर्षांचा मिक्सर उत्तम चालतोय. चुलत सासूबाईंनी दिलेल्या साडीचा रंग मी जन्मात नेसणार नाही. मामेसासऱ्यांनी चांदीचं निरांजन दिलं, तशी दोन घरात आहेत. ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी इलेक्ट्रिक केटली दिली. ती लावली तर पाणी कोमटाच्या पुढं जात नाही. शिवाय भिंतीवरची घड्याळं पाच. एकाचंही बिल नाही. मिक्सर घेऊन हे एका दुकानात गेले, तर 'बिलाशिवाय काही होत नाही' म्हणत तिथल्या माणसानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आक्कांकडं बिल मागू का? मागितलं तर त्यांना काय वाटेल? आणि दुकानदाराला असं सरळ नाही म्हणता येतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, म्हणता येतं. मिक्सर चांगला आहे, साडी धड आहे, निरांजनाला काही झालेलं नाही. तुम्हाला ती नकोत, एवढंच. अशी धड वस्तू दुकानातून घेतली आणि नंतर नकोशी झाली, तर ती परत घ्यायची सक्ती आपल्याकडचा कायदा दुकानदारावर करत नाही. बिल हातात असलं तरी करत नाही. दुकानं बदलून देतात ती आपल्या रिवाजानं, गिऱ्हाईक टिकावं म्हणून. मोठ्या साखळी दुकानांत बदलून द्यायची मुदत लिहिलेली असते, तीही त्यांनी स्वतःच घालून घेतलेली असते. म्हणजे तुमचे मिस्टर त्या दुकानात भांडून आले असतील, तर त्या भांडणाला पाया नव्हता. केटली मात्र यातून वेगळी काढा. ती बिघडलेली आहे, आणि बिघडलेल्या वस्तूपुढं ती पाटी चालत नाही. तिच्याकडं येतेच.

आता मिक्सर. दुकानदार बिलावर अडून बसतो तो केवळ संशयापोटी नव्हे. संशय असतोच म्हणा; ऑनलाइन स्वस्तात घेतलेली वस्तू इथं जादा भावानं परत करू बघणारे, नव्या खोक्यात जुना मिक्सर भरून आणणारे, असे नमुने दुकानदारांना भेटत असतात. पण मोठी अडचण हिशेबाची आहे. पक्क्या बिलावर विकलेल्या वस्तूचा जीएसटी दुकानाच्या हिशेबात चढलेला असतो. पैसे परत द्यायचे तर त्या मूळ बिलाच्या आधारानं क्रेडिट नोट (माल परत आल्याची कागदी नोंद) काढावी लागते, तेव्हा कुठं तो कर वळता होतो. मूळ बिल सापडलं नाही तर तो कर त्याच्या पदरचा जातो. तेवढ्याच किमतीचं दुसरं काही दिलं तर मात्र त्याचं फारसं बिघडत नाही. एक खोकं आत आलं, एक बाहेर गेलं. म्हणून पैशाची गोष्ट तोंडातून काढूच नका. 'बदलून काही मिळेल का' एवढंच विचारा. आणि काय हवं ते आधीच ठरवून जा. दुकानात उभं राहून तासभर 'हे दाखवा, ते दाखवा' केलंत, तर बदलून देणाऱ्याला आपण हो म्हटल्याचा पश्चात्ताप होतो.

त्याआधी एक शंका. तुमच्या पत्रात 'एका दुकानात' असं आहे. आक्कांनी मिक्सर त्याच दुकानातून घेतला, हे मिस्टरांना कशावरून कळलं? पिशवीवरून कळलं असेल तर ते खरं धरू नका. आपल्या घरातल्या पिशव्या कुठून कुठं फिरतात ते आपल्याला माहीत आहे. मारुती रोडवरच्या दुकानाच्या पिशवीत इचलकरंजीचा माल निघतो, आणि तो दुकानदार तुमच्याकडं बघत राहतो.

पिशवी सोडा, खोकं बघा. चारी बाजूंनी आणि बुडाशीसुद्धा. दुकानाचं किमतीचं लेबल असतं, कुणी पेनानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो. आत वॉरंटी कार्ड असतं. त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख असेल तर अर्धं बिल मिळालंच म्हणा. पण कार्ड बघायला खोक्याची चिकटपट्टी फोडावी लागणार असेल तर फोडू नका. दुकान समजल्यावर तिथंच फोडा, त्यांच्या डोळ्यांसमोर. खोक्यावर सीरियल नंबर छापलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ज्या दुकानांत कॉम्प्युटरवर बिलं होतात तिथं पुष्कळदा सीरियल नंबरवरून, आणि त्याहून सोपं म्हणजे घेणाऱ्याच्या मोबाइल नंबरवरून, जुनं बिल काढता येतं. म्हणजे बिलाचा कागद हरवला तरी बिल हरवत नाही, दुकानाच्या कॉम्प्युटरात असतं. काउंटरवरचा पोरगा हे सांगत नाही, कारण त्याला ते शोधायचं काम नको असतं. गल्ल्यावरच्या मालकाला विचारा.

आक्कांचा नंबर तुमच्याकडं आहेच. तो दिला की काम झालं, असं वाटेल. थांबा. कित्येक दुकानांत बदललेल्या मालाचा मेसेज आपोआप त्याच नंबरवर जातो. आक्का दुपारच्या चहाला बसलेल्या असताना त्यांच्या मोबाइलवर 'आपली वस्तू बदलून दिली आहे, धन्यवाद' असं आलं, तर पुढची दिवाळी कशी जाईल ते मी सांगायला नको.

तेव्हा आक्कांशी बोलायचंच आहे, पण बिल मागायचं नाही. का ते सांगते. 'बिल द्या' म्हटलं की दोन गोष्टी होतात. एक, किंमत किती ते तुम्ही बघणार, असं त्यांना वाटतं. आणि दुसरी, जी कुणी बोलत नाही: कदाचित त्यांच्याकडं पक्कं बिल नसेलच. 'पक्कं बिल पाहिजे असंल तर टॅक्स वरनं पडंल' असं काउंटरवर ऐकवलं जातं आणि माणसं पाठकोऱ्या चिठ्ठीवर वस्तू घेऊन येतात. खरं तर बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटीत दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला, गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर, वेगळ्या बिलातून सूट आहे, पण मिक्सर काही त्यात बसत नाही. तरी आक्कांनी तसा घेतला असेल तर तुम्ही बिल मागितल्यावर त्या ओशाळतील, आणि ओशाळलेली थोरली नणंद रागावलेल्या नणंदेपेक्षा अवघड.

म्हणून फक्त दुकान विचारायचं. विचारायचं कुणी? तुम्ही नाही. मिस्टरांनी. बहीण त्यांची आहे. भावानं फोन करून सरळ म्हणावं, "आक्का, मिक्सर झकास हाय, पण आमचा जुना अजून दणकून चालतोय. त्याच दुकानातनं ह्याच्या बदली दुसरं काय घेऊ का? तुझ्याकडनंच असंल ते." दहापैकी नऊ बहिणी म्हणतील, घे की, त्यात काय विचारायचं. आणि पुढचं त्याच बोलतील: दुकान कुठलं, मालक कुणाचा कोण, माझं नाव सांग. सांगलीत हे 'माझं नाव सांग' बिलापेक्षा पुष्कळदा जास्त चालतं.

आणि आक्का दहावी निघाल्या तर? फोनवर क्षणभर गप्प झाल्या, 'नको असंल तर दे परत' म्हणाल्या, तर विषय तिथंच सोडायचा. कायद्यानं तुम्हाला त्यांची परवानगी लागत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भेट दिली आणि घेतली की ती घेणाऱ्याची झाली. पण कायदा गौरी-गणपतीला जेवायला येत नाही, आक्का येतात, आणि येताना स्वयंपाकघरात डोकावतात. मग आक्कांचा मिक्सर ओट्यावर ठेवा आणि दोन वर्षांचा तुमचा मिक्सर एक्स्चेंज ऑफरला द्या. दसरा-दिवाळीत जुनं घेऊन नव्यावर सूट देणारी दुकानं निघतात. दुसरं काही घ्यायचं असेल तेव्हा तुमचे तेवढेच चार पैसे वाचतात.

दुकानात गेल्यावर खोक्यावरची एमआरपी दाखवून वाद घालू नका. मिक्सरवर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकलेली किंमत यांत बरंच अंतर असतं, हे आपण स्वतः घासाघीस करताना विसरत नाही. दुकान देईल ते विकल्या भावानं, किंवा आज तो मिक्सर ज्या भावानं विकतंय त्या भावानं. वरचे दोन-तीनशे तुम्ही घालायची तयारी ठेवलीत तर काम फार लवकर होतं. आपल्या बाजूनं थोडे पैसे सुटतायत म्हटल्यावर दुकानदाराला ही परतफेड वाटत नाही, विक्री वाटते.

साडीचं गणित वेगळं आहे. माझं माहेर कापडाच्या दुकानाचं, त्यामुळं इथं जरा अधिकारानं बोलते. पहिला नियम: घडी मोडायची नाही. अंगावर टाकून आरशात बघायची नाही, फोटो काढायचा नाही, जाऊबाईंना उलगडून दाखवायची नाही. दुकानात साडी ज्या घडीत असते ती घडी घरी पुन्हा तशी बसत नाही, आणि कापडवाल्याला ते एका नजरेत कळतं. फॉल-पिको झाला, ब्लाउज पीस कापला, की संपलं. दुसरं, पदर तपासा. साडी ओटीतून आली असेल तर कुठंतरी हळदीकुंकवाचं बोट लागलेलं असतं, आणि तो डाग तुम्हाला दिसला नाही तरी दुकानदाराला हमखास दिसतो.

साडीच्या घडीत किंवा कडेला एक छोटी चिठ्ठी असते, ती काढू नका. त्यावर विक्रीची किंमत असते आणि शेजारी दोन-चार अगम्य अक्षरं असतात. ती दुकानाची सांकेतिक भाषा. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवलेला असतो, प्रत्येक अक्षराचा एक आकडा, आणि त्या अक्षरांत साडी दुकानाला केवढ्याला पडली ते लिहिलेलं असतं. घासाघिशीत सेल्समननं कुठपर्यंत उतरायचं ते त्याला त्यावरून कळतं. तुमच्या दृष्टीनं त्याचा उपयोग इतकाच, की चिठ्ठी बघून मालक आपला माल ओळखतो. बिल नसलं तरी 'हा माल आमचाच' हे एकदा त्याच्या तोंडून आलं की पुढचं बोलणं सोपं असतं. बारकोडची दुकानं असतील तर तेही लागत नाही, कोड मारला की समजतं.

कापड पेठेत जायचं तर वेळ बघून जा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी परतीचा माल आत घेणं कुणालाच आवडत नाही, आणि एकदा तोंडातून नाही गेलं की संध्याकाळपर्यंत ते नाहीच राहतं. लग्नसराईची संध्याकाळही टाळा. मधल्या वारी दुपारी, जेवणं झाल्यावर, गाद्यांवर गिऱ्हाईक नसताना जा. जाऊन खरं ते सांगा: 'वास्तुशांतीला आलीय, रंग जमत नाही, ह्याच किमतीत दुसरी बघते.' 'मीच घेतली होती, बिल हरवलं' असं काही रचू नका. पुढचा प्रश्न 'कधी घेतली, कुणी दाखवली' असा येतो आणि मग गडबड होते. आहेराची साडी बदलायला येणं ही कापडवाल्याला नवी गोष्ट नाही. कितीतरी दुकानं देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा विकतानाच 'नाही पटली तर बदलून न्या' म्हणून सांगतात.

एक शक्यता मात्र मनात धरून जा. चुलत सासूबाईंना ती साडी दुसऱ्या कुणाकडून आलेली असू शकते, आणि त्या दुसऱ्या कुणाला तिसऱ्याकडून. फिरत्या साड्यांचा प्रवास कुणी लिहून ठेवत नाही. दुकानदार 'हा आमचा माल नाही' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, आणि घरी येऊन सासूबाईंचा विषय तर मुळीच काढू नका. तुम्हीही ती पुढं देऊ शकता, फक्त दोन गोष्टी बघून: आत नावाची चिठ्ठी राहिलेली नाही ना, आणि घेणारी बाई सासूबाईंच्या भिशीतली नाही ना.

आता केटली. हिचं मात्र याच आठवड्यात करायला हवं. आधी ती एक्स्टेंशन बोर्डावरून काढून भिंतीतल्या दुसऱ्या प्लगला लावून बघा, नाहीतर दोष विजेचा आणि आळ केटलीवर. तरीही पाणी कोमटच राहिलं तर तसा छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

२०२० च्या २० जुलैपासून लागू झालेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय: सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं. मुदत बिलावर लिहिली असेल ती, लिहिली नसेल तर तीस दिवस. तुमची वास्तुशांत होऊन तीन आठवडे झाले, केटली त्याआधी चार-दोन दिवस घेतली असणार. हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लावता येत नाही, मग ती भिंतीवर असो की बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत.

तुम्ही विचाराल, केटली मी कुठं विकत घेतली? कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे मोजणारा नव्हे. पैसे मोजणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच. भेट देणाऱ्याची संमती वेगळी सिद्ध करावी लागू नये. तेव्हा 'तुम्ही घेतलीच नाही तर तुम्ही कोण' असं कुणी म्हणालं तर हे सांगा. खरेदी झाली याचा पुरावा मात्र लागतो. तो बिलच असला पाहिजे असं नाही. यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद, वॉरंटी कार्डावरचा शिक्का, ऑनलाइन ऑर्डरचा मेल, यांतलं काहीही कामी येतं.

आणि इथं विचारायला संकोच कसला? 'तुमची भेट आवडली नाही' आणि 'तुम्हाला दुकानदारानं खराब माल दिला' ही वाक्यं एकाच जातीची नाहीत. दुसरं ऐकून देणारा तुमच्यावर नाही, दुकानदारावर चिडतो. ऑफिसच्या भेटीत वर्गणी सगळ्यांची असली तरी वस्तू आणायला एकजणच गेलेला असतो आणि हिशेब द्यायचा म्हणून त्यानं पैशाची नोंद बहुधा जपलेली असते. मिस्टरांनी त्याला गाठावं. त्यानं ऑनलाइन मागवली असेल तर परतीची मागणी साधारण त्याच्याच खात्यातून करावी लागते, तेव्हा ते काम त्याच्याच मोबाइलवरून करून घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, तिथं भांडण कमी.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर केटलीचं खोकं बघा. पॅकबंद वस्तूवर ग्राहकांच्या तक्रारीसाठी नंबर छापणं वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तिथं फोन लावून सीरियल नंबर सांगा. बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या उत्पादनाच्या तारखेपासून वॉरंटी धरतात. खोक्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. त्याच्याही पुढं सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. हजार रुपयांच्या केटलीसाठी आयोगाची पायरी चढा असं मी म्हणणार नाही, पण १९१५ हा आकडा दुकानात शांतपणे उच्चारून बघायला काहीच हरकत नाही. आवाज चढवायचा नाही. चढवला की तो नुसता राग ठरतो.

निरांजनाबद्दल माझा सल्ला, ठेवा. चांदी नासत नाही आणि परतीच्या व्यवहारात तुम्ही पैसे गमावता. सराफ कट्ट्यावर ज्या पेढीतून ते घेतलं ती कळली तर तिथं दुसऱ्या वस्तूत वळतं करून मिळेल, पण घडणावळ गेली समजा. अनोळखी सराफ बिलाशिवाय घेईल ते मोड म्हणून: कस बघणार, घट धरणार, आधार-पॅन मागणार. सोन्याच्या दागिन्याला बिलाची उणीव थोडी तरी भरून निघते; १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी सक्तीचा झालाय, आणि तो बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकला की शुद्धता आणि हॉलमार्किंग कुठं झालं ते दिसतं. चांदीला तशी सोय १ सप्टेंबर २०२५ पासून आली, पण ती ऐच्छिक आहे, त्यामुळे तुमच्या निरांजनावर तो नंबर असेलच असं नाही. भिंगातून एकदा बघा. नसला तरी बिघडत नाही. आपल्याच विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळत बसली आहेत, त्यांच्या मुशीत पडल्यावर धातूला कुणी बिल विचारत नाही. फक्त मामेसासऱ्यांनी त्यावर नाव घालून दिलं असेल तर बाहेर काढूच नका. नाव घातलेलं भांडं, मग ते स्टीलचं असो की चांदीचं, कोणतंही दुकान बदलून देत नाही, आणि मोडीला दिलं तर सराफाच्या काउंटरवर ते नाव वाचणारा नेमका कुणीतरी ओळखीचा निघतो.

घड्याळं पाच. त्यांच्यामागं बिल, दुकान, खोकं काही शोधत बसू नका, तेवढ्या रिक्षाभाड्यात सहावं येईल. काचेवर 'सप्रेम भेट' म्हणून कुणाचं नाव छापलंय का ते बघा. नाव नसलेली अंगणवाडीला, जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या; सेल घालून द्या, नाहीतर ती तिथंही खोक्यातच राहतात. नाव असलेलं एखादं असेल आणि ते नाव मिस्टरांच्या साहेबांचं असेल, तर ते हॉलमध्ये लावा. निदान साहेबांची बदली होईपर्यंत.